उडून गेलेलं

फेब्रुवारीत फेल्गेइराशच्या डोंगरावर मिमोझा फुलतो,
पिवळा, इतका की माणूस वाट चुकेल.
कुणी लावलेला नाही. माजलेलं रानच ते, फुकट.
मी दोन पोती भरून आणली
आणि गॅरेजमध्ये, बंद पडलेल्या फियाटच्या बाजूला,
काचेच्या बरण्यांत हेक्झेनखाली बुडवली.

हेक्झेन पाण्यासारखं दिसतं.
हातावर सांडलं की गार लागतं,
आणि मग तिथे काहीच नसतं.

रात्रभर ठेवलं, सकाळी गाळलं,
गरम पाण्याच्या टोपात बसवून उडवलं.
दार अर्धंच उघडं,
कारण पूर्ण उघडलं की शेजारचा झेफेरीनु ओरडतो.
तळाशी उरलं मेणासारखं, मधाच्या रंगाचं,
दोन पोत्यांचे दोन चमचे.
मला रडू आलं असतं, पण तीन दिवस डोकं ठणकत होतं,
तेव्हा रडायचं राहून गेलं.

आई तेवीस वर्षं बुटांच्या कारखान्यात
तळव्यांना गोंद लावायची.
आता ती चपला डोळ्यांनी घालते.
एकदा डाव्या पायातली वाटेत निसटली,
आणि ही तशीच चर्चच्या पायरीपर्यंत गेली.
मागे दगडांवर रक्ताचे ठिपके. तिला लोकांनी सांगितलं.

मी तिच्या मनगटाला लावणार होतो.
तिने कुपी काढून घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटले.
'डोंगर,' म्हणाली.
मी हसलो.
'आणि डोंगराखाली आमची सकाळची पाळी.'

उडून गेलंय ते आई, मी म्हटलं,
तासन्‌तास तापवलंय, तापमान लिहून ठेवलंय वहीत.

'आम्हालाही हेच सांगायचे, उडून जातं म्हणून.
कुठे जातं, ते कुणी विचारलं नाही.
आमची नाकं होती ना तिथे.'
मग कुपी उन्हात धरून:
'मेणात दडून बसतं रे. मेण त्याला सोडत नाही.
आणि गॅरेजमध्ये तू कोणत्या बाजूला बसतोस?'

देओलिंदा माझी आई. चौथीत शाळा सुटलेली.

'आधी मुंग्या येतात,' ती म्हणाली,
'मुंग्या येताहेत तोवर नशीब समज.
एक दिवस मुंग्याही निघून जातात,
आणि पाय फक्त तुझ्या नावावर राहतो.'

तीन कुपी मी आधीच वाटल्या होत्या.
त्या रात्रीच मागायला निघालो,
दिलेलं परत मागणारा, ओशाळलेला.
कुश्तोदियाने न उघडलेली आणून दिली.
फार्मसीतल्या पोराने विचारलं, विष आहे का?
मी म्हटलं, नाही. म्हणजे, माहीत नाही.
ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही,
माझ्याकडे फक्त नाक होतं, आणि ते केव्हाच सरावलं होतं.
तिसरी इदालीनाच्या सुनेकडे, सहा महिन्यांची पोटुशी.
रोज लावते म्हणाली, मानेला.
फार छान आहे, संपत आलंय, अजून आहे का?

घरी आलो तर आई जागी.
बूट काढ, म्हणाली. मोजेही.
माझी करंगळी तिने चिमटीत धरली:
'कळतंय?'
मी म्हटलं, तू दाबतेयस का?

ती आपल्या बोटांकडे बघत राहिली,
दाबतेय की नाही, हे बघून ठरवायला.