घर क्रमांक

घट बसले त्याच रात्री सीना गावात शिरली.
सकाळी दुकानाच्या जागी
नुसता हवेचा कॉम्प्रेसर, चिखलात मान खुपसलेला,
आणि बाभळीला अडकलेली एक ट्यूब,
फुगलेली.
पंक्चर माझंच काढलेलं. टिकलं होतं.

दसरा तसाच गेला. मग एक दिवस पुण्याहून घर आलं.
सहा चाकांचं, पांढरं.
अंगावर समुद्र काढलेला, नारळाची झाडं,
गॉगल घातलेलं जोडपं,
आणि खाली वळणदार अक्षरांत:
जिथं मन रमेल तिथं मुक्काम.
आई म्हणाली, काय लिव्हलंय रं?
मी म्हणालो, आपलं नाव.

ड्रायव्हरनं सगळं समजावून सांगितलं.
हे बटन दाबलं की पंखा. ह्या टाकीत पाणी.
ही फळी ओढली की पलंग, ढकलली की टेबल.
आणि हा दरवाजा... तो जरा अडखळला... संडास.
शेगडीपासून दीड हातावर.
आई तीन दिवस टमरेल घेऊन माळावर जात राहिली.
चौथ्या दिवशी शिवगंगेनं त्यात
मदतीत आलेलं ज्वारीचं पोतं ठेवलं
आणि प्रश्न मिटला.

मला मात्र हे घर कळत होतं.
भिंतीचं कधी काही कळलं नाही मला,
ओल कुठून येते, माती का सुटते.
पण हे डावीकडं कलतंय
हे मी झोपेतून उठून सांगितलं असतं:
मागचं आतलं चाक, व्हॉल्व्ह दमानं हवा सोडतोय.
जॅक लावला, घर वीतभर उचललं.
आत भाकरी तव्यावर होती.
शिवगंगा ओरडली, अहो, सांगून तरी उचला!

तलाठी आला पंचनाम्याला.
घर क्रमांक?
मी नंबरप्लेटकडं बोट केलं.
त्यानं वाकून लिहिलं, एमएच बारा, पुढचे आकडे,
मग खोडलं, मग परत तेच लिहिलं.
भिंती पक्क्या की कच्च्या?
पत्र्याच्या.
पडझड?
अजून नाही, साहेब.

संध्याकाळी मागच्या हुकाला ख्वाजाबीची शेळी,
आणि आत टेबलावर अर्ध्या गावाचे मोबाईल चार्जिंगला.
टेबलाचा पलंग झाला की
ते सगळे उशाशी घेऊन झोपायचो.
कुणाचा तरी मुलगा सुरतेहून फोन करायचा, रात्री दोनला,
आणि आम्हीच सांगायचो, हाय, तुझी माय हाय, झोप.

रात्रीची खरी गोष्ट वेगळीच.
पाट्यांवर उभं असलेलं घर. कुणी कूस बदलली
की सगळ्यांना कळायचं.
आई उठून बसली की माझ्या पाठीखाली
जमीन बोटभर सरकायची.
मी अंधारात विचारायचो, काय झालं?
नदीचा आवाज येतोय का रं?
नाही. झोप.
मग प्रांजली हळूच म्हणायची, मी पण जागीच आहे.
शिवगंगा काही बोलायची नाही.
पण तीही जागी आहे, हे पाटे सांगायचे.

पुसात गाडी न्यायला माणसं आली.
सहाही चाकांत हवा मीच भरली, मापानं.
पैसे घेतले नाहीत. घेणार तरी कशाचे.
गाडी वळली, तिच्याबरोबर समुद्र वळला,
नारळ, गॉगल, मुक्काम,
सगळं परंड्याच्या रस्त्याला लागलं.
खाली दोन पिवळे पट्टे, गवत न उगवलेले,
आणि मोरीच्या पाइपाखाली
सांडलेली ज्वारी, टीचभर वर आलेली.
आई तिच्याकडं बघत राहिली.
म्हणाली, हे बघ, घट.
आणि पदराच्या टोकानं उगाच पान पुसलं.

आता पत्र्याची खोली आहे, दहा बाय बारा,
सिमेंटात घट्ट बसवलेली.
नंबर मिळाला, बावन्न अ. शिवगंगेनं तो
तेलाच्या रंगानं दारावर लिहून घेतला.

रात्री मी कूस बदलतो
आणि थांबतो.
काही सरकत नाही.
आई झोपली की जागी आहे
हे कळायला
आता हाक मारावी लागते.