दुसरा नमुना

संध्याकाळी आकडा सरळ होता: नऊ हजार दोनशे.
मुनाफ सोलकर, वय एकोणीस, होडीवरून थेट आणलेला,
पँटीला बांगड्याचे खवले.
दुखणं बेंबीशी. कालची कालवं बाधली, आई म्हणाली.
डॉक्टर म्हणाल्या, चार तासांनी पुन्हा रक्त घे.

मधे वीज गेली, आली.
दुखणं उजवीकडे उतरलं. तो गप्प झाला.

दुसरी ट्यूब. काचपट्टीवर जांभळ्या पेशी,
हर्णैच्या पुळणीवर लिलावाला जमते तशी गर्दी.
सतरा हजार. सीआरपी चौसष्ट.

मी कागद दिला. बाईंनी वाचला, घडी केली,
आणि तरीही आधी पोटावर हात ठेवला.
दाबला. सोडला.

तो ओरडला तेव्हा
दापोलीच्या गाडीचं इंजिन चालूच होतं.