कापडाच्या मागून

मंडईच्या रात्री लाखनीचा रहांगडाले
बंडीत मशीन घालून आला.
आमचं घर गावाचं शेवटचं,
पंचफुलाबाईचं टोलीचं पहिलं,
मधल्या बोळात त्यानं दोन बांबू ठोकले
आणि ताणून बांधलं जोडकापड, मधोमध शिवण.
त्या शिवणीमुळे सिनेमाभर
जो मधे येईल त्याच्या तोंडावर एक वण.

पुढं आम्ही. मागं टोली.
मागं बसा असं कोणी म्हणालं नाही.
म्हणावं लागत नव्हतं.

सिनेमा दोन शेजाऱ्यांचा. एक भिंत, दोन चुली,
पंधरा वर्षांचा अबोला, तापानं गेलेलं एक लेकरू.
मला कळला तेवढाच सांगते, मी आठ वर्षांची,
अर्धं लक्ष मशीनच्या उजेडातल्या पाखरांकडे.
पण शेवट आठवतो:
भिंतीवरून एक बाई दुसरीला
दुधाची वाटी देते,
आणि आईनं पदर डोळ्याला लावला
रीळ संपायच्या आधीच.

सकाळी हापशीवर पंचफुलाबाई
लेकीला म्हणाली, पण आम्हाला ऐकू जाईल असं,
"देल्लं खरं, पर डाव्या हातानं देल्लं.
देनारे असेच देते."

आई दांडा धरून वळली.
"काहून वो? उजव्या हातानं देल्लं! म्या सोता पाह्यलं."
"आमाले डावाच दिसला."
"उजवा!"
"डावा!"
दांडा हवेत, घागर अर्धी.
अकरा वर्षं एका कुपाटीनं राहिलेल्या दोघी
एवढं कधी बोललेल्या मी ऐकलं नव्हतं,
आणि बोलल्या त्या कुणा तिसरीच्याच हातावरून,
जी मुळात कापडाची होती.

सरपंचाचा जावई उशिरा पोचला,
म्हणून सिनेमा त्या रात्री पुन्हा लावला.
आईनं बसायचं पोतं उचललं
आणि कापडाला वळसा घातला.
बाबा खाकरले. मग आणखी एकदा खाकरले.
मी तिच्यामागं, पोत्याचं टोक धरून.

इकडून नावं उलटी येत होती.
मी नुकतीच वाचायला शिकलेली,
वाटलं, विसरलेच सगळं.
टोलीतली पोरं मात्र घडाघड वाचत होती उलटं.
सवय होती त्यांना.

नायकाचं घड्याळ भलत्याच मनगटावर,
गाय काल गेली तिकडून आज आली,
आणि शेवटी ती वाटी
डाव्या हातात.
स्वच्छ, डाव्या हातात.

ह्या वेळी आई रडली नाही.
दीड हातावर पंचफुलाबाई बसली होती.
ती पडदा बघतच नव्हती,
आईला बघत होती.

तिसऱ्या दिवशी लाखोळीचे वडे तळले.
आई ताटली घेऊन कुपाटीपाशी गेली.
पंचफुलाबाईनं लुगड्याला हात पुसले
आणि म्हणाली, "ठेवा तेती."
रागानं नाही. सवयीनं.
कोणी ठेवून मागं सरावं,
मग आपण वाकून उचलावं,
जन्म गेलेला त्यात.

"ठेवत नाही," आई म्हणाली.

ऊन वर आलं. कुपाटीवर सरडा येऊन गेला.
ताटली दोन्ही हातांत,
दोन्ही अंगठे काठावर, एकाला पीठ चिकटलेलं.
मला लघवीला लागली होती, पण हलवेना.

"मंग उभीच राहशीन का आता?"
तुमीचं तू कधी झालं
ते दोघींनाही कळलं नसावं.
तिनं एक वडा उचलला, तिथंच चावला,
सावकाश, लग्नाची पोरगी पारखावी तसा.
"मीठ कमी हाये," म्हणाली
आणि ताटली घेतली.

बाबांनी आठ दिवस त्या कढईतलं खाल्लं नाही.
टोलीत पंचफुलाबाईलाही कुणीकुणी बोललं,
लाचावली म्हणून.

आई आता सत्तरीची.
विषय निघालाच तर अजून सांगते,
उजवाच होता तो हात.
आणि कुपाटीपलीकडून,
कान गेलेत म्हणतात तिचे,
तरी बरोब्बर येतं:
"डावा."