कडेचा टवका

हार्लन व्हॉइटने लिलावाच्या यादीत लिहिलं होतं,
'सफरचंदांचं खोकं एक. जुन्या बरण्या. काही भरलेल्या.'
शिवणयंत्र गेलं, पितळी दिवा गेला,
झेन्सव्हिलच्या जाणत्या व्यापाऱ्याने
मधाच्या रंगाची एकच बरणी वेगळी मागून घेतली.
उरलेल्या सगळ्या सात डॉलरला माझ्या.
दुसऱ्या कुणी हातच वर केला नाही.

मला रांधता येत नाही, साठवता तर त्याहून नाही.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
डबा आधी मर्ना द्यायची, नंतर मशीनमधलं सँडविच.
पण या काचेचा निळा
धड आकाशी नाही, धड हिरवा नाही;
पहाटे इंजिन गरम करत बसायचो
तेव्हा मक्याच्या शेतामागे जे उजाडायचं, त्यातला.
आणि बुडबुडे.
शंभर वर्षांपूर्वी ओतताना अडकलेली हवा
अजून दाराशी पोचलेली नाही.

भरलेल्या पाच होत्या.
घेवडा, घेवडा, घेवडा, टोमॅटो,
आणि एकीत पीच. चिठ्ठीवर पेन्सिलने:
'ऑगस्ट ८३. पाऊस नाही. गोड.'
घेवडा त्याच दिवशी खड्ड्यात ओतला.
पीच खाल्ले नाहीत,
पण ओतायला चार दिवस लागले.

व्हिनेगर आणि मूठभर तांदूळ घालून
एकेक बरणी खुळखुळवली,
आतला पांढुरका थर हलेपर्यंत.
मग जुन्या रूटवर गेलो, बस नसताना,
पायी, बादली घेऊन.
प्रूइटांची जुळी जिथे उभी राहायची
तिथे चरात रानगाजराच्या पांढऱ्या छत्र्या.
रेल्वे फाटकापाशी चिकोरी,
जी दुपारी दोनला मिटते
आणि घरी आणली की रुसते ती रुसतेच.
झिनिया मात्र माझ्या दारच्या, एकमेकांना न शोभणाऱ्या रंगांच्या.

फुलदाणी देठ लपवते.
बरणीला ते जमत नाही.
देठ, देठांना चिकटलेले बुडबुडे,
तिसऱ्या दिवशी गढूळणारं पाणी,
सगळं उघड्यावर.
हिवाळाभर टिकावं म्हणून केलेल्या भांड्यात
मी गुरुवारपर्यंतचं काहीबाही ठेवतो.

रविवारी त्यातली एक आयडेला स्टिल्टनरकडे नेतो,
सीडर बेंडच्या वृद्धाश्रमात, खोली नऊ.
बरण्या तिच्याच होत्या, हे मी सांगितलेलं नाही.
मला ती पीचवाला समजते
आणि दर वेळी भाव विचारते.
दर वेळी मी थोडा कमीच सांगतो.

एकदा आपणहून म्हणाली:
उकळून काढल्या की ओट्यावर फडक्यावर मांडायच्या,
दिवा घालवायचा, पडून राहायचं.
गार होताना झाकण खाली बसतं. टक्.
अंधारात मोजायच्या.
अकरा झाल्या तर झोप नाही.
बारावी कधी कधी पहाटे बसते,
कधी बसतच नाही,
मग ती न्याहारीला संपवायची,
मुलं खूश.

या रविवारी तिने झिनियांकडे पाहिलंच नाही.
फुलं उपसून माझ्या हातात दिली, ओली,
आणि अंगठा बरणीच्या ओठावरून फिरवला,
सावकाश, गोल,
डोळे मिटून, जसं कुणी तापातल्या पोराचं कपाळ बघतं.
एका जागी थांबली.
मी इतके महिने धूत होतो,
मला तो टवका कधी लागला नव्हता.

"हिच्यावर झाकण बसायचं नाही,"
ती म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "फुलांना चालेल."

देठं परत आत घातली.
अर्धं पाणी माझ्या बुटांवर.
दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला:
"बारावी बसली की सांग हं."
बरं, म्हणालो मी,
बसमध्ये शेवटच्या बाकावरच्या पोराला म्हणायचो तसंच,
आरशात बघत,
रस्त्यावरची नजर न काढता.