पीळ

कामठीच्या या मैदानावर हिरवळ नाही.
ग्रीनला इथे ब्राऊन म्हणतात:
तेल पाजून चापून बसवलेली वाळू,
आणि चारी कडांनी मे महिना.
सकाळी सहालाच ग्लव्ह हाताला चिकटतो,
टिटवी आपल्या चार अंड्यांवरून ओरडते,
आणि नागपुरातून अंधारात निघून आलेली मी,
मेडिकलमध्ये एकतीस वर्षं
प्रेतांच्या पाठी उलगडून दाखवणारी बाई,
एका पांढऱ्या चेंडूपुढे उभी आहे.

मला सगळी नावं पाठ आहेत.
कमरेच्या मणक्यांची, त्यांच्या दोन्ही बाजूंनी
दोरखंडासारख्या चढत गेलेल्या स्नायूंची,
नितंबातल्या त्या थोराड, आळशी,
खुर्चीने निजवून ठेवलेल्या स्नायूचं तर लॅटिनसुद्धा.
मारते, तर चेंडू
चाळीस पावलांवर बाभळीखाली जाऊन बसतो.

लटारू नेवारे बॅग खाली ठेवतो.
'मॅडम, हातानं नोका मारू.
हात त निरा दोरी होय.
गोफण फिरवली का कधी लहानपनी? नाही?
मंग कसं सांगू तुमाले.'

त्याने फिरवली, मौद्याकडच्या ज्वारीत,
माळ्यावर उभा राहून, पाखरांमागे.
'गोटा सुटते बोटातून,
पन निघते टाचेतून.'

मला हात लावत नाही. सूर्य पाठीशी घेतो
आणि जमिनीवरच्या माझ्या सावलीच्या कमरेवर
काठीचं टोक टेकवतो.
'हे आधी. खांदे अजून मागं जाऊन रायले
तवाच हे समोर निघाली पाहिजे.'
म्हणजे एकाच देहात
अर्धी मी जात असते, अर्धी परत फिरलेली;
मधे जो ताण पडतो, ओला टॉवेल पिळताना पडतो तसा,
तेवढीच काय ती दारू.
बाकी नुसती हातघाई.

उजव्या पायाने जमीन ढकलायची.
जमीन ढळत नाही, म्हणून दिलेलं परत करते,
तेवढंच, व्याज न लावता.
ते डाव्या टाचेत, घोट्यात, गुडघ्यात चढतं,
कंबर गर्रकन वळते
आणि थांबते.
हे मी एकतीस वर्षांत कुणाला शिकवलं नव्हतं:
ती थांबते म्हणून छाती धावते.
छाती थांबते, दंड धावतो.
दंडाने आवरतं घेतलं की मनगटाला इलाज उरत नाही,
आणि काठीचं टोक, सगळ्यांत शेवटचं,
सगळ्यांचा वेग एकटं घेऊन खाली येतं.

मी मार्चमध्ये निवृत्त झाले.
थांबले तेव्हा माझा कुणाकडे गेला?

'मॅडम, चेंडूकडं पाहा.'

सोमवारी मैदान बंद असतं, सोमवारी कॅडी खेळतात.
आज बुधवार. 'एक मारून दाखवा,' मी म्हणते.
तो क्लबहाउसच्या खिडकीकडे पाहतो, मग काठीकडे.
त्याचा डावा खुबा गेलाय.
एक्स-रे न काढताही मला दिसतो:
घासलेली वाटी, कडेला हाडाची काटेरी झालर,
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा.
हा आता वळायचा नाही, मी मनात निदान करते.

तो वळतो.
कुठून, ते मला तेव्हाही कळलं नाही.
सुंभ जळाल्यावर राहतो तसला पीळ
क्षणभर त्या बंडीत चढला, उतरला,
आणि आवाज आला, कोरडा,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.
चेंडू बाभळींवरून, ओरडणाऱ्या टिटवीवरून,
कन्हानच्या दिशेने.
पडताना दोघांनाही दिसला नाही.

'गेला तुमचा चेंडू,' तो म्हणतो. 'महागाचा होता.'
आणि खुबा दाबत दगडावर बसतो.

मी बूट काढते. मोजेही.
भेगाळलेली काळी माती टाचेला लागते,
आत्ताच तापायला लागलेली.
'आता?'
'आता घाई नोका करू.'