अलाऊन्स

चाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न केले.
पंपाच्या बॉड्या, चरकाची दातेरी चाकं,
आधी सागवानात माझ्या हातून,
मग वाळूत, मग लोखंडात.
स्वतः कधी साच्यात पडलो नव्हतो.

त्या दिवशी पडलो.
पांढरी जाळीची शीट गरम पाण्यात टाकली होती,
ओल्या पापडासारखी लोंबत आली,
दोघांनी दोन्हीकडून धरून तोंडावर ओढली.
काका, हलू नका. गिळू नका. श्वास तेवढा घ्या.
नाकाचा शेंडा, हनुवटीची खोबण,
डाव्या गालाखालचा हरभऱ्याएवढा उंचवटा,
सगळं उतरलं.
निवता निवता शीट आवळत गेली.
काढताना अलगद सुटली, कुठं अडली नाही.
कामगार चांगला आहे, मी मनात म्हटलं,
कडांना उतार नीट दिलाय.

रुबिना अत्तार. अठ्ठावीसची असेल.
डॉक्टर नाही काका, म्हणाली, फिजिसिस्ट.
पडद्यावर माझ्या जबड्याचे काप,
गाठीभोवती लाल रेघ,
लाल रेघेभोवती निळी.
निळी कशाला?
गाठ दिसते तिथंच संपते असं नसतं,
म्हणून थोडं जास्त धरायचं. पाच मिलीमीटर.

मी खुर्चीत सरळ झालो.
पोरी, ह्याला आमच्यात अलाऊन्स म्हणतात.
लोखंड निवताना आकसतं, फुटाला अष्टमांश इंच,
म्हणून पॅटर्न आधीच मोठा करायचा.
आमची पट्टीच निराळी असते,
बाजारच्या पट्टीला लावली तर खोटी ठरते,
आणि माल मात्र बरोबर उतरतो.
तिनं पेन काढून लिहून घेतलं.

थोरल्या भावाला मिरजेला नेला होता, एकोणऐंशी साली.
तेव्हाच्या मशिनला गाठ आणि गळा सारखाच.
कातडं काळं पडलं, आवाज गेला,
पुढच्या दिवाळीला तोही.
हितं मशिनच्या तोंडात धातूच्या पानांची जुडी,
खटखट सरकते,
गाठीच्या आकाराचं भोक पाडते,
मी ज्या बाजूनं फिरेन त्या बाजूचा आकार.
म्हणजे मी नाही फिरत, मशिन फिरतं.
लाळेच्या गाठी वाचवायच्यात, रुबिना म्हणाली,
नंतर जेवायला लागतील.
नंतर.
हा शब्द महिनाभर कुणी काढला नव्हता.

तेहतीस दिवस. शनिवार-रविवार सुट्टी.
केएमटीत बसलो की गालावर जाळीचा ठसा,
कंडक्टर तिकीट फाडताना बघत राहायचा.
पंधराव्या दिवशी चव गेली.
हौसाचा पांढरा रस्सा, कोमट पाणी.
गंगावेशीतलं धारोष्ण दूध तेवढं उतरायचं,
तेही टाचणीनं टोचत.

बाकावर माझ्या शेजारी हुपरीचा चांदीवाला बसायचा,
पैंजणांच्या घुंगरांना डाग देणारा, बोटं अजून काळी.
आम्ही हत्यारांबद्दल बोलायचो, रोगाबद्दल नाही.
एकविसाव्या दिवशी आला नाही.
बावीसाव्याही.
नर्सला विचारलं नाही मी.
दोन दिवस तेवढी जागा सोडून बसलो,
तिसऱ्या दिवशी गर्दी झाली.

शेवटी मुखवटा पिशवीत घालून दिला.
आता कारखान्यात खिळ्याला टांगलाय,
जुन्या पॅटर्नांच्या रांगेत.
सगळ्यांवर नंबर आहेत, ह्याच्यावर नाही.
स्कॅन तीन महिन्यांनी.
रुबिनानं खात्री दिली नाही,
मीही कास्टिंगची कधी देत नव्हतो,
वाळू फोडल्याशिवाय कळत नाही.

काल रात्री हौसानं रस्सा वाढला.
मी एक घोट घेतला, थांबलो.
म्हटलं, मीठ कमी आहे.
चाळीस वर्षं एवढंच घालते, ती फणकारली,
आणि एकदम चुलीकडं तोंड फिरवलं.
मी वाटी पुढं केली.
तिनं न बघताच टाकलं,
चिमटीत मावेल त्याहून जरा जास्तच.