किती बोटं

गोरख भोये पडला तेव्हा मी रेषेबाहेर होतो,
पाण्याच्या बाटल्या घेऊन.
देवळाली कँपचं मैदान, जानेवारी,
जमीन इतकी कडक की बूट टेकला तरी पोटरीत कळ.
आवाज मोठा नव्हता.
कांद्याचं पोतं भरताना मध्येच आपटतात ना जमिनीवर,
माल नीट बसावा म्हणून,
तेवढाच.

मी धावत गेलो. दोन बोटं धरली.
"किती?"
"दोन."
"कुठे आहोत?"
"नाशिक."
"स्कोअर?"
"तू बाहेर बसलायस म्हणून पुढे आहोत."
पोरं हसली. मीही हसलो.
रेफरीनं माझ्याकडे पाहिलं
आणि मी अंगठा वर केला.
मी कोण होतो? बदली गडी. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला.

उरलेली अकरा मिनिटं तो खेळला. शेवटची ट्राय त्याचीच.
तो फोटो त्याच्या घरी भिंतीवर आहे.
परक्याच्या लग्नाचा अल्बम बघावा तसा
तो त्याकडे बघतो.
त्याला त्या अकरातलं एकही मिनिट आठवत नाही.
मला सगळी आठवतात.

पेठच्या पलीकडचं गाव त्याचं.
आईनं पहिल्यांदा रग्बीचा चेंडू हातात घेतला तेव्हा विचारलं,
"हा असा दबलेला का रे? कुणी दिला?"
आम्ही त्यावर वर्षभर हसलो.
टॅकल बसला की म्हणायचो, काजवे चमकले.
त्याच्याकडे खरे काजवे असतात, झाडंच्या झाडं,
तो म्हणायचा, मला तर घरी गेल्यासारखं वाटतं.
सहा मोसमांत तो किती वेळा घरी गेला
कुणी मोजलं नाही.
गुडघ्याला पट्टी होती, खांद्याला स्प्रे होता,
डोक्यासाठी थंड पाणी
आणि "ऊठ रे".

म्हणतात, या गावाला नाव पडलं ते एका कापलेल्या नाकावरून.
ती जखम चेहऱ्यावर होती, भावाला दाखवता आली,
तिच्यापायी युद्ध झालं.
गोरखला दाखवायला काही नाही.
एक टाका नाही, एक व्रण नाही.
अंबडच्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर म्हणाला,
दिसायला तर धडधाकट आहेस.
ट्यूबलाइटखाली त्याला ओकारी यायची.
मुलीनं ताट वाजवलं तर हात उगारायचा,
मग त्या हाताकडेच बघत बसायचा.

यमुना वहिनींचा फोन येतो, बहुतेक संध्याकाळी:
मायको सर्कलला उभे आहेत, कुठला रस्ता आपला ते कळेना म्हणतात.
मी स्कूटर काढतो.
तो मागे बसतो, माझा खांदा घट्ट धरतो,
बाइंड करताना धरायचा तसा.
मी विचारत नाही, कुठे आहोत.

आता मी सातपूरला मुलींना शिकवतो.
रविवारी उपान्त्य सामन्यात रोशनी गांगुर्डे पडली.
उठली. तीन बोटं, म्हणाली तीन.
नाशिक, म्हणाली. वार सांगितला, स्कोअर सांगितला,
माझ्या शिट्टीचा रंगसुद्धा.
मी तिला बाहेर काढली.
"मला काही झालं नाही, सर."
खरंही असेल. मला कधीच कळणार नाही.
तिचे वडील जाळीपाशी येऊन जे बोलले ते इथे लिहीत नाही.
चार गुणांनी गेलो.
ती अजून माझ्याशी बोलत नाही,
सराव बंद आहे तरी रोज येते, लांब बसते.

गोरख त्या दिवशी माझ्या शेजारी होता, बाटल्या सांभाळत.
"स्कोअर काय झाला?"
"हरलो."
त्यानं मान हलवली. झाकणं एकेक घट्ट केली.
पोरी बुटांचा चिखल काढत होत्या.
"स्कोअर काय झाला रे?"
"हरलो," मी म्हटलं,
पहिल्यांदाच सांगतोय असं.